बंधूंच्या बाजूचं झाड

केपटाउनकडच्या डोंगरातल्या आमच्या तिर्झा गावात नवरा-बायको मेल्यावर शेजारी झोपत नाहीत. चर्चच्या मागच्या उतारावर दफनभूमी आहे, तिला आम्ही देवाचं शेत म्हणतो. मधून एक पायवाट जाते. वरच्या अंगाला बंधू, खालच्या अंगाला भगिनी. माणसं ज्या क्रमानं जातील त्या क्रमानं ओळ भरत जायची. जिच्याशी जन्मभर नळावर भांडलात ती बाई कायमची शेजारीण होऊ शकते, आणि ज्याच्याबरोबर सगळा संसार केला तो पायवाटेच्या पलीकडे. मिशनच्या पहिल्या पाळकांनी घालून दिलेली पद्धत आहे आणि ती बदला असं आमच्यात कोणी म्हणत नाही. फीना आंटीही म्हणाली नाही. तिनं त्यातून आपल्यापुरती एक वाट काढली होती.

जोसेफीना स्पँडील हे तिचं नाव. गोऱ्या मालकाला आम्ही बास म्हणायचो; त्या बास न्यूवाउटच्या प्रोटियाच्या फुलांच्या मळ्यावर कलमांची शेड तिच्या हाताखाली होती. मी शाळा सोडून तिथं गेले तेव्हा तिनं आधी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"नखं काप," म्हणाली. "आणि उद्यापासून तेल-क्रीम फासून यायचं नाही. नाचायला नाही आलीस."

"आंटी, मी फक्त..."

"फक्त-बिक्त घरी. इथं फाटा महत्त्वाचा, तू नाहीस."

अशी बाई. तोंडानं फटकळ, पण हात इतके हळू की फाट्याची खालची पानं ती काढायची तेव्हा साल कधी सोलली जायची नाही. उन्हाळा उतरला की यंदाचे नवे फाटे काढायचे. कोवळा नको आणि पार लाकूड झालेलाही नको. वाकवला तर वाकेल आणि सोडला की सरळ होईल, असा. बुडाला पावडर लावायची, जाड वाळू आणि थर्माकोलच्या दाण्यांत खोचायचा, वर बारीक तुषार, खाली ऊब. मग वाट बघायची. बायका कंटाळून गप्पा मारायच्या, आंटी मात्र ट्रेंच्या मधून फिरत राहायची. तिच्या हातची कलमं विमानानं जाणाऱ्या फुलांच्या मळ्यांत गेली, केपटाउनच्या श्रीमंतांच्या बागांत गेली, आणखी कुठे कुठे गेली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तिचा नवरा ट्राउगॉट डोंगरावर रानफुलं तोडायचा. चर्चच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा, आणि घरात बायकोपुढे त्याचा आवाज फुटायचा नाही, असं गाव म्हणायचं. ते काही खरं नव्हतं. एका संध्याकाळी तो शर्टाच्या आत ओलं पोतं खुपसून आला. पोट भिजलेलं, दात वाजतायत.

"फीन," म्हणाला, "आज डोंगराच्या डोक्यात एकच पांढरा केस सापडला. तुझ्यासारखाच. म्हटलं, उपटला तर ओरडशील, म्हणून फक्त टोकं आणली."

सगळा उतार गुलाबी प्रोटियाचा, आणि त्यात ते एक झाड पांढरं. फुलाच्या पोटात जरा हिरवट झाक, आणि पाकळ्यांच्या टोकांना बारीक रेशमी लव. आंटीनं ते फाटे लावले, काही लागले. पुढच्या उन्हाळ्यात डोंगर पेटला आणि मूळ झाड त्यात गेलं. ही जात जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. पावसानंतर बियांची रोपं वर आली, ती सगळी गुलाबी. म्हणजे आता जगात ती पांढरी फक्त फीना आंटीच्या परसात होती.

बासला कळलं. तो स्वतः शेडमध्ये आला, टोपी काढून. मी शेजारच्याच ट्रेवर होते.

"फीना, ती पांढरी मला दे. हजारो करू. लग्नाची फुलं म्हणून हॉलंड वेडं होईल."

"नाव काय ठेवणार, बास?"

"ते बघू. माझ्या बायकोची पन्नाशी येतेय, तर म्हटलं..."

"मग राहू द्या," आंटी म्हणाली. "सापडली माझ्या नवऱ्याला आणि नाव तुमच्या बायकोचं? तिला केक आणा."

बास हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गावात बायका म्हणाल्या, काय हा कंजूषपणा, एवढ्याशा फुलाचा. मला तेव्हा आंटीचा अभिमान वाटला होता. पुढे बास म्हातारा झाला, मळा विकला गेला, नव्या मालकानं झाडं उपटून तेलबियांचं पीक घातलं, शेडला कुलूप लागलं. आम्ही दोघी घरी बसलो.

ट्राउगॉटची छाती आधीपासून कमजोर होती. तो गेला तेव्हा आंटीनं परसातलं एक रोप उचलून त्याच्या कबरीच्या पायथ्याशी लावलं. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी कुरकूर केली, देवाच्या शेतात सगळ्या कबरी सारख्या हव्यात, कोणाचं झाड मोठं, कोणाचं लहान असं नको. आंटी म्हणाली, "गुडघ्याच्या वर जाऊ देणार नाही, आणि फुलं दर रविवारी प्रभूच्या मेजावर. झालं?" तसंच तिनं केलं. फुलं तोडतानाच छाटणी व्हायची, खाली पानं राखून, म्हणजे नवे फाटे फुटायचे. आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, जून-जुलैमध्ये. त्यानंतर एक हिवाळा असा ओला आला की परसातली झाडं मुळं कुजून बसली, एकामागून एक. ट्राउगॉटच्या उतारावर पाणी थांबत नाही, म्हणून तेवढं एक वाचलं.

तेव्हा तिनं मला तिचा बेत सांगितला. आम्ही कॉफी घेत पायरीवर बसलो होतो.

"मी गेले की त्याच्याच झाडाचं कलम माझ्यावर लाव. तू लावायचंस, दुसऱ्या कोणी नाही."

"आंटी, आत्ता कशाला हे?"

"ऐक गं. बी म्हणजे पोर. कलम म्हणजे पोर नव्हे. कलम म्हणजे तेच झाड, दुसऱ्या जागी उभं. तो त्याच्या बाजूला, मी माझ्या. वर झाड मात्र एकच. आता यावर पाळक काय बोलेल?"

मला हसू आलं. तीही हसली. पण गंमत नव्हती ती. त्या बाईला आयुष्यात दुसरं काही मागायचं उरलंच नव्हतं. त्या वर्षीच तिनं थोडे फाटे लावले होते, पण उन्हाळा कोरडा गेला होता, फाटे रोड होते, लागले नाहीत. पुढच्या वर्षी चांगला पाऊस झाला. झाड फाट्यांनी भरलं. आंटी रोज जाऊन ते वाकवून बघायची आणि येऊन सांगायची, "अजून जरा. ईस्टर होऊ दे."

ईस्टरच्या आधी तिच्या पायांना सूज आली, श्वास लागायला लागला, आणि तिला शहरातल्या हॉस्पिटलात नेलं.

आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळं गाव देवाच्या शेतात उतरतं. तण काढायचं, माती भुसभुशीत करायची, पांढरी वाळू पसरायची, फुलं ठेवायची. रविवारी पहाटे बँड वाजवत मंडळी तिथं जाते आणि सूर्य उगवताना आम्ही गातो की प्रभू उठला आहे. त्या वेळी ज्या घरची कबर झाडलेली नाही त्या घराकडे लोक बघतात. ट्राउगॉटची कबर दरवर्षी आंटी स्वतः करायची, आणि तिची रीत गावाला पसंत नव्हती. ती खुरपं लावायची नाही. तण बोटांनी चिमटून काढायची, झाडाखालची वाळकी पानं तशीच ठेवायची. बायका म्हणायच्या, नवऱ्यावर एवढा जीव आणि कबरीवर हा कचरा.

यंदा तिचा मुलगा एफ्राइम वुस्टरहून आला. एफी माझ्याच वयाचा. आईला तो मा म्हणायचा, वडिलांना पा. आम्ही रविवारच्या शाळेत एका बाकावर बसलेलो. तो फळांचा ट्रक चालवतो. ज्या घरात आई रात्रंदिवस कलमांचंच बोलते त्या घरातला मुलगा कलमांपासून जितका लांब पळेल तितका तो पळाला होता. मी शनिवारी चर्चच्या स्वयंपाकघरात होते, ईस्टरच्या न्याहारीसाठी हळद-कांद्यात मुरवलेल्या माशाचे डबे भरत. देवाच्या शेतात मी गेले ती थेट पहाटे, सगळ्यांबरोबर.

कंदिलांच्या उजेडात मला ते दिसलं. झाड पांढऱ्या फुलांनी लखलखत होतं, आणि त्याच्या बुंध्याभोवती माती खोल खणून, काळीभोर करून, कड्यासारखी रचलेली होती. कोंबडखताचा वास येत होता. एफी वडिलांचा टाय घालून बाजूला उभा होता.

"कशी दिसतेय, लेना?" त्यानं हळूच विचारलं. "मा बघून म्हणेल, पोरगं कामाला आलं."

"खणलंस तू?"

"खणलं म्हणजे! दगड झाली होती माती. आणि काय ती पानं, वर्षानुवर्षांची! सगळी काढली. वुस्टरहून कोंबडखत आणलं, हाडांचा चुरा आणला. पा-ला उपाशी नाही ठेवणार मी."

तेवढ्यात बँड सुरू झाला. सगळे गायला लागले. त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावं असंही वाटलं.

प्रोटियाची खाणारी मुळं खोल नसतात. वाळक्या पानांच्या लगेच खाली त्यांची बारीक जाळी असते, हातानं उचलली तर घोंगडीसारखी उचलली जाईल अशी. ती तुटली की झाडाचं तोंडच गेलं. आणि ही झाडं आमच्या भिकार वाळूतली. त्यांना उपाशी ठेवूनच जगवावं लागतं. सकस खत त्यांना विष होतं, त्यातून कोंबडीचं, त्यातून हाडांचं. मळ्यावरच्या नव्या मुलीलाही आम्ही पहिल्या आठवड्यात हे सांगायचो. पण आमच्या गावात मेलेल्यावर माया करायची म्हणजे हातात कुदळ घ्यायची आणि पाठीवर खताचं पोतं. एफीनं तेच केलं. कोणीही तेच केलं असतं.

आंटी घरी आली तेव्हा एफी कामावर परत गेला होता. माझा दंड धरून ती वर चढली, दर चार पावलांना थांबत. झाडाकडे तिनं पाहिलंच नाही, आधी मातीकडे पाहिलं. वाकून बोट घातलं, वास घेतला.

"कोणी?"

"एफीनं."

ती पायवाटेवरच बसली. मी तिला उठवायला गेले तर हात झटकला. मग म्हणाली, "छान केलंय. कडं किती गोल केलंय बघ."

"आंटी, वरची माती काढू या का? पाणी सोडू या भरपूर?"

"काढू. सोडू. तुला बरं वाटेल." मग माझ्याकडे वळली. "एक ऐक, पुन्हा सांगणार नाही. त्याला हे कळता कामा नये. बापाच्या मातीला तो पोचला नव्हता. ट्रक घाटात बंद पडला होता, आठवतं? आला तेव्हा नुसता ढिगारा बघितला त्यानं. तेव्हापासून त्याला बापासाठी काहीतरी करायचं होतं. आता केलंय. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही."

"आणि तुझं काय?"

"माझं काय?" ती म्हणाली. "चाकू आणलास का?"

आम्ही झाडावर हाताला येईल तो फाटा कापला. फूल असलेलासुद्धा. शेड नव्हती, तुषार नव्हते, खालची ऊब नव्हती. माझ्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी वाळूचा ट्रे ठेवला, वर प्लास्टिकचा कागद ताणला, आणि इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीनं मी दिवसभर फवारत राहिले. आंटी रोज येऊन खुर्चीत बसायची. कबरीवरचं झाड पुढच्या महिन्यात पानांच्या कडेनं तपकिरी पडायला लागलं, मग आतून, मग सगळंच. एफीचा फोन यायचा. "मा, पा-चं झाड कसं आहे?" ती म्हणायची, "फुललंय रे." ते सुकून काडी झालं तेव्हा चर्चच्या वडीलधाऱ्यांना तिनं सांगितलं की वय झालं होतं. त्यांनी एका दुपारी ते उपटून टाकलं. कोणाला फार वाईट वाटलेलं दिसलं नाही.

ट्रेमधले फाटे मात्र हिरवे राहिले. शेजारणी यायच्या, प्लास्टिक वर करून बघायच्या. "अगंबाई, हिरवंगार! लागली की आंटी! म्हातारीचा हात अजून गेला नाही!" आंटी त्यांना कॉफी द्यायला सांगायची. आम्हा दोघींना माहीत होतं. प्रोटियाचं पान जाड, चामड्याचं. फाटा मेला तरी कितीतरी दिवस ते हिरवंच उभं राहतं. शेडमध्ये किती नव्या मुली हिरवी पानं बघून नाचल्या आणि मग रडल्या.

हिवाळ्याचा पाऊस लागला होता. एके दिवशी ती म्हणाली, "एक उपट."

मी उपटला. ओढावं लागलंच नाही, नुसता हातात आला. बुडाशी मूळ नाही, मूळ येण्याआधी जी पांढरी गाठ धरते ती नाही. चाकूनं कापला तेव्हा होता तसाच कोरा.

"दुसरा."

दुसराही तसाच. तिसऱ्याला मी हात घातला तेव्हा ती म्हणाली, "असू दे. बाकीचे असू दे. हिरवे आहेत तोवर घरात काहीतरी आहे."

मी प्लास्टिक परत ताणलं. ते नीट बसेना. मागून ती बोलली, माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे.

"बासला देऊन टाकायला हवी होती मी. बायकोचं नाव तर बायकोचं. कुठल्यातरी परक्या घरात फुलदाणीत असती. कोणीतरी नाक लावून म्हणालं असतं, हिला वासच नाही. पण असती ना, लेना. जगात असती. मी माझं माझं करत मुठीत धरून ठेवली आणि मुठीतच मारली."

"आंटी, तू नाही मारलीस."

"मग कोणी? एफीनं? गप."

त्या बाईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ती रडली नाही. नुसती ट्रेकडे बघत बसली. मला वाटतं तिचा श्वास त्याच दिवशी संपला होता. जुलैमध्ये ती गेली, डॉक्टरांनी हृदय म्हटलं.

या वेळी एफी वेळेवर पोचला. वडिलांच्या कबरीवर झाड दिसलं नाही, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्याला सांगितलं, वय झालं होतं त्याचं. भगिनींच्या ओळीत तिचा नंबर पार खालच्या भिंतीशी लागला, ट्राउगॉटपासून सगळ्यात लांब. एका बाजूला म्हातारी क्रिस्टीना, जिच्याशी तिचं कोंबड्यांवरून भांडण होतं. दुसरी बाजू अजून रिकामी आहे. बँड वाजला. मी माझ्या हाताकडे बघत उभी होते, कारण त्या हातानं जे लावायचं ठरलं होतं ते माझ्याकडे नव्हतं.

मातीनंतर एफी माझ्या घरी आला, कॉफीला. त्याला चुलीशेजारचा ट्रे दिसला.

"हे काय? लेना, हे... ही पा-ची पांढरी ना?" त्यानं प्लास्टिक काढलं. मोठा माणूस, ट्रक चालवणारा, ढसाढसा रडायला लागला. "मला वाटलं गेली ती. मा-नं कलमं केली होती! बोलली पण नाही. अशीच ती."

"एफी..."

"हिरवीगार आहेत गं. सगळी लागलीत."

मी तोंड उघडलं. आंटीचा शब्द आठवला, आणि त्याचा चेहरा समोर होता. तोंड बंद केलं. त्यानं त्यातला सगळ्यात देखणा फाटा निवडला, वाळूसकट ओंजळीत घेतला, आणि पावसात भिजत आईच्या कबरीवर जाऊन लावला. त्याच्यामागे छत्री धरून मी चालत होते.

ऑगस्टमध्ये तो परत आला. थंडी आणि ओल होती, त्यामुळे फाटा अजून हिरवा होता. चारदोन पानांच्या टोकांना जरा करडेपणा, पण ते बघायला डोळा हवा. एफीनं भोवतीचं तण काढलं होतं. बोटांनी, आईसारखं. कोणीतरी त्याला सांगितलं असावं, किंवा त्याला आता आठवलं असावं.

"एकही पान गळलं नाही, बघ," तो म्हणाला. "फुलायला किती लागतं?"

"तीन वर्षं तरी."

"चालेल. दर महिन्याला येईन मी. पा-च्या वेळी जमलं नाही, आता मा-साठी तरी..." तो झारी घेऊन नळाकडे गेला. नळ वर आहे, चर्चपाशी.

त्याची पाठ वळल्यावर मी वाकले आणि फाट्याला दोन बोटांनी धरलं. धरलं तेवढ्यानंच तो वर आला. बूड चाकूनं कापल्यासारखं कोरं, खाली जरा काळं पडलेलं. एफी भरलेली झारी दोन्ही हातांनी सांभाळत उतारावरून खाली येत होता. मी फाटा पुन्हा त्याच भोकात खुपसला आणि भोवतालची माती अंगठ्यांनी घट्ट दाबली.